वाकायचं की नाही? जुनी कंबरदुखी, आसनं आणि पहाटेचा योगवर्ग

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. वय ४३. नागपूरच्या मानेवाड्याहून रोज स्कूटीनं धरमपेठेतल्या शाळेत ये-जा. तीन वर्षांपासून कंबर दुखते, कधी कधी कळ उजव्या कुल्ल्यापर्यंत जाते, त्याच्या खाली उतरत नाही. एमआरआयमध्ये कंबरेच्या अगदी खालच्या मणक्यांत, एल-४ एल-५ आणि एल-५ एस-१ अशा दोन ठिकाणी 'डिस्क बल्ज', म्हणजे मणक्यांमधली चकती बाहेर फुगलेली, असं लिहून आलंय. एका डॉक्टरांनी सांगितलं, आयुष्यभर खाली वाकायचं नाही. मग शेजारच्या काकू त्यांना पहाटेच्या योगवर्गाला घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसायचं आणि पुढे वाकायचं) केलं आणि आठवडाभर पलंगावरून उठता येईना. आता त्या विचारतात: योग करू की सोडू? बेल्ट लावू का? सूर्यनमस्कार चालतील का?

ताई, आधी सरळ उत्तर. योग करा. बेल्ट नको. पश्चिमोत्तानासन सध्या नको. आयुष्यभर नको, असं मात्र मी म्हणणार नाही. सूर्यनमस्कारांचं पुढे सांगतो.

मी नागपुरात चोवीस वर्षं फिजिओथेरपी करतोय. त्याच्याही आधी, कॉलेजात असताना, रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाच्या वर्गात आसनं शिकलो. आपल्या गावात योग पोचला तो बागेतल्या सतरंजीवरून, फुकट आणि पहाटे. त्यामुळे योगवर्गाला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. पण वर्गात तीसजण असतात, कंबर प्रत्येकाची वेगळी असते आणि पुढून येणारी सूचना एकच असते. तुमचं बिनसलं ते तिथे.

आता त्या रिपोर्टबद्दल. लोक एमआरआयचं पाकीट छातीशी धरून येतात, 'डॉक्टर, मणक्यात गॅप आली' म्हणतात आणि खुर्चीवर असे बसतात की जणू हललं की काही निखळेल. २०१५ मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांना डिस्क बल्ज होता, चाळिशीतल्या ५० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांना. यांची कंबर दुखत नव्हती, हे पुन्हा लक्षात घ्या. म्हणजे तुमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये चाळिशीतल्या दहाजणी असतील, तर पाचेकजणींचा रिपोर्ट तुमच्यासारखाच येईल, आणि त्यातल्या काही सुट्टीच्या दिवशी फुटाळा तलावावर मजेत फिरत असतील. बल्ज म्हणजे बरेचदा केस पांढरे होण्यासारखं असतं. त्याचा काहीच संबंध नसतो असंही नाही, पण एका बल्जवरून 'आयुष्यभर' हा शब्द उच्चारू नये.

बारा आठवड्यांच्या वर दुखलं की त्याला आम्ही जुनं दुखणं म्हणतो. एवढा काळ गेला की प्रश्न फक्त मणक्याचा उरत नाही. राखणीचा कुत्रा पहिल्यांदा चोरावर भुंकतो. तीन वर्षं रोज बावचळलेला राहिला की दूधवाल्यावरही भुंकतो, मग घरच्या माणसावरही. मज्जासंस्थेचं तसंच होतं. भुंकणं खरं असतं, तुम्ही नाटक करत नसता. पण दर वेळी चोर असतोच असं नाही. झोप मोडली, पेपर तपासायचा गठ्ठा आला, घरी ताण झाला की कंबर जास्त बोलते ती यामुळेच. आणि 'वाकू नका' हे वाक्य त्या कुत्र्याला रोज थोडं आणखी बिथरवतं.

व्यायामाच्या आधी एक चाळणी लावावीच लागते. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही. ताप, वजन घटणं, रात्री कूस बदलूनही न थांबणारं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, बरीच वर्षं स्टिरॉइड घेतलेलं असणं: आधी डॉक्टर, मग आसन. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून दिसतो. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तो असलेल्यांची पाठ दुखली तर मामला वेगळा. मे महिन्यात 'कंबर धरली' म्हणून आलेल्यांपैकी काहींना चक्क मुतखडा निघतो; कळ बाजूला लाटांसारखी येते, जांघेकडे उतरते आणि उठा, बसा, झोपा, कशानंही फरक पडत नाही. आणखी एक: वय चाळिशीच्या आत, सकाळी अर्धा तास-तासभर कंबर लाकडासारखी आणि हालचाल केली की बरं वाटतं, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. तुमच्या प्रश्नात यातलं काही दिसत नाही, म्हणून पुढे जाऊ.

तिसऱ्या दिवशी नेमकं काय झालं ते सांगतो, कारण यावर आपल्याकडे कोणी बोलत नाही. रात्री आपण आडवे असतो तेव्हा मणक्यांमधल्या चकत्या पाणी ओढून घेतात आणि फुगतात. सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा एक-दीड सेंटिमीटर जास्त भरते. उठल्यावर हे पाणी हळूहळू दाबलं जातं, बरंचसं पहिल्या तासाभरातच. म्हणजे उठल्याबरोबर चकती टम्म असते आणि त्या वेळी कंबरेतून पुढे वाकलं की तिच्यावर ताण दिवसभरातला सगळ्यात जास्त येतो. १९९८ मध्ये अमेरिकेत जुन्या कंबरदुखीच्या लोकांना, उठल्यावरचे पहिले दोन तास वाकणं टाळा, एवढंच शिकवून बघितलं, तर दुखणं कमी झालं. आणि आपले वर्ग कधी? साडेपाचला. उन्हाळ्यात पाचला. पाच वाजता उठायचं, सव्वापाचला स्कूटी, साडेपाचला पाय पसरून डोकं गुडघ्याला लावायचं. त्यात तुमच्या मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले, म्हणजे ओटीपोटाचं हाड पुढे कलत नाही आणि सगळा बाक कंबरेच्या त्या दोनच सांध्यांत पडतो. वरून कोणी पाठीवर हात ठेवून 'अजून थोडं ताई' म्हटलं असेल, तर विचारूच नका.

ही चूक मीही केली आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी इतवारीतले एक धान्याचे व्यापारी काका आले होते. 'बसूनच येत नाही, कंबर दुखूनच राहिली.' मांड्या आखडलेल्या दिसल्या, म्हणून मी उत्साहानं पुढे वाकायचे ताण दिले, दिवसातून दोनदा. पाचव्या दिवशी ते पाय ओढत आले. कंबर बरी होती, पण कळ पोटरीतून टाचेत उतरली होती. मला वाटलं, कंबरेचं दुखणं कमी झालं म्हणजे सुधारणा आहे! उलटं होतं. कंबरेची कळ खाली पायाकडे सरकू लागली की ते लक्षण वाईट. पायाची कळ वर सरकत कंबरेत गोळा झाली, तर कंबर जास्त दुखली तरी लक्षण चांगलं. हा एक नियम कळला असता, तर काकांचे दीड महिने वाचले असते.

या नियमाची गोष्ट मजेशीर आहे. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेंझी नावाच्या फिजिओथेरपिस्टनं एका पेशंटला 'आत जाऊन पालथं झोपा' सांगितलं. आतल्या टेबलाची डोक्याकडची बाजू आधीच्या पेशंटसाठी उंच केलेली होती. हा गृहस्थ तसाच पालथा पडला, कंबर मागे वाकलेली. पाच मिनिटांनी मॅकेंझी आत येतो तो घाबरलाच, आणि पेशंट म्हणतो, कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. पायातली कळ गेलेली. आपल्या भुजंगासनाचाच आळशी भाऊ म्हणा ना.

तर तुमची दिशा कोणती ते आधी शोधा. संध्याकाळी सतरंजीवर मकरासनात पालथ्या पडा, दोन मिनिटं. मग कोपरांवर या, ओटीपोट जमिनीलाच. दोन मिनिटं. कुल्ल्यातली कळ कमी झाली किंवा कंबरेच्या मध्याकडे सरकली, तर मागे वाकणं ही तुमची दिशा. बसून, स्कूटीवर आणि वह्यांवर वाकून ज्यांचं दुखतं, त्यांच्यातल्या बऱ्याचजणांची हीच असते. कळ खाली उतरली तर तिथेच थांबा. घरात सासूबाई असतील आणि त्यांना चालताना पाय भरून येत असतील, बसलं किंवा पुढे झुकलं की बरं वाटत असेल, तर त्यांना हे शिकवू नका. त्यांच्या मणक्यातली नळी अरुंद झालेली असू शकते आणि भुजंगासन त्यांना बाधतं. एकाच घरात एकीला जे औषध, तेच दुसरीला कुपथ्य.

पहिले तीन आठवडे एवढंच करा. वेळ संध्याकाळची; सकाळीच जमत असेल तर उठून किमान तासभर घरातलं काम आणि थोडं चालणं झाल्यावर.

मकरासन, मग कोपरांवरचं भुजंगासन, दोन-दोन मिनिटं. त्यानंतर मार्जारासन, म्हणजे रांगत्या स्थितीत पाठ वर-खाली, सात-आठ वेळा, दोन्ही टोकांना ताणायचं नाही, फक्त मधल्या पट्ट्यात कंबर हलवायची, जसं जाम झालेलं दार मागे-पुढे करून सोडवतो. मग सेतुबंधासन: उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर वर. यात सगळे एकच चूक करतात: कंबरेनं उचलतात. टाचा कुल्ल्यांजवळ घ्या, आधी कुल्ले आवळा, मग उचला. मांडीच्या मागे गोळा आला तर टाचा अजून जवळ. दहा सेकंद धरा, आठ वेळा. दुसऱ्या दिवशी कुल्ले दुखले पाहिजेत, कंबर नाही.

त्यानंतर रांगत्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा. पाय छतापर्यंत न्यायची हौस नको, पाठीवर पाण्यानं भरलेली वाटी ठेवलीय असं समजा. आठ-दहा सेकंद, मग बाजू बदला. सहा वेळा, दम घ्या, चार वेळा, दम, दोन वेळा. ही उतरती पद्धत मणक्याचे अभ्यासक, कॅनडाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांची. दमलेल्या स्नायूंकडून वाकडंतिकडं करून घेण्यापेक्षा बरी. मग कुशीवर, गुडघे दुमडून, कोपरावर भार देत कंबर उचलायची. हे वसिष्ठासनाचं बालरूप. शेवटी शवासन, गुडघ्यांखाली लोड, पाच मिनिटं. श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवा. शवासन 'वेळ उरला तर' करायचं नसतं. भुंकणाऱ्या कुत्र्याला शांत करायचं काम तेच करतं.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा. करताना तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पूर्ववत झालं, तर तीच मात्रा चालू ठेवा. त्याहून जास्त दुखलं किंवा दोन दिवस रेंगाळलं, तर आसन बदलायची घाई न करता मात्रा निम्मी करा. माझ्याकडे येणारे दहातले आठजण चुकीच्या आसनामुळे बिघडत नाहीत, रविवारी दोन तास आणि सोमवार ते शनिवार शून्य, यामुळे बिघडतात. पंधरा मिनिटं रोज, पोळ्या लाटण्याइतकं नेहमीचं.

चौथ्या आठवड्यापासून अर्धशलभासन (पालथं पडून एकेक पाय उचलणं), भिंतीला पाठ टेकून उत्कटासन (खुर्चीत बसल्यासारखं), वीरभद्रासन (पाय लांब टाकून पुढचा गुडघा वाकवणं). सातव्या-आठव्या आठवड्यात पुढे वाकणं परत आणायचं, कारण वाकल्याशिवाय संसार होत नाही. एक काठी पाठीवर उभी धरा. डोकं, पाठ आणि माकडहाड अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. गुडघे किंचित सैल, आणि दाराला कुल्ल्यानं ढकलतोय असं मागे जात खाली झुका. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहते तिथपर्यंतच. हे जमलं की बसून पवनमुक्तासन (गुडघे छातीशी घेणं), आणि त्यानंतर गुडघे वाकवलेलं, अर्धं पश्चिमोत्तानासन. डोकं गुडघ्याला लागलं नाही म्हणून मोक्ष अडत नाही. आई किंवा सासूबाईंची हाडं ठिसूळ निघाली असतील, तर मात्र त्यांनी कंबर गोल करून वाकणं टाळलेलंच बरं.

सूर्यनमस्कारात दोनदा पूर्ण खाली वाकावं लागतं. बारा घातले तर चोवीस वेळा, तेही भराभर. म्हणून तिसऱ्या महिन्यात, सकाळी उशिरा, हात जमिनीऐवजी खुर्चीच्या बसण्यावर टेकून, दोनपासून सुरुवात. १०८ चा संकल्प रथसप्तमीला कोणी केला, तर तुम्ही मोजायला बसा.

हे सगळं 'फक्त' योग आहे की फिजिओथेरपी, यावर वाद घालणारे भेटतील. बोस्टनमधल्या २०१७ च्या एका अभ्यासात जुन्या कंबरदुखीचे ३२० लोक घेतले होते. बारा आठवड्यांचा सौम्य योगवर्ग हा फिजिओथेरपीपेक्षा कमी ठरला नाही. फिजिओथेरपिस्ट असून सांगतो, मला यात अपमान वाटत नाही. तो वर्ग कंबरदुखीवाल्यांसाठीच बेतलेला होता, ही त्यातली मेख.

चालणं या सगळ्याच्या वर. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांचा अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना हळूहळू वाढवत आठवड्यात पाच दिवस, रोज अर्ध्या तासापर्यंत चालायला लावलं. चालणाऱ्यांत दुखणं पुन्हा उलटायला सरासरी २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांत ११२. यासाठी ना मशीन, ना मॅट. नागपुरात अडचण एकच, एप्रिल ते जून. पारा ४५ ला टेकतो तेव्हा सकाळी सहा-साडेसहाच्या आत किंवा रात्री जेवणानंतर चाला. सकाळचं चालणं चकतीला बाधत नाही, बाधतं ते वाकणं. तेव्हा काकूंबरोबरचा वर्ग सोडू नका. अर्धा तास आधी उठा, बाग चालून घ्या, आणि पुढे वाकायच्या आसनांना मकरासनात पडून राहा. शिक्षकांना आधी सांगून ठेवा, चांगला शिक्षक रागावत नाही.

बेल्ट आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं): जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि समजावून सांगणं याला होकार आहे, आणि कंबरपट्टे व ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात देऊ नका, असं म्हटलंय. माझ्याकडेही ट्रॅक्शनचं टेबल आहे. हल्ली त्यावर फायली असतात. लाकडी फळीवर झोपायचा सल्लाही जुना झाला. २००३ मध्ये स्पेनमधल्या ३१३ लोकांवर गाद्या तपासल्या, तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम गादी सरस ठरली.

शाळेत तासानंतर वह्या घेऊन लगेच बसू नका, उभ्या उभ्या एक फेरी मारा. स्कूटीवर खड्डा दिसला की कुल्ला सीटवरून किंचित उचला.

आणि एखाद्या दिवशी कंबर धरेलच. बारा आठवड्यांत तुमचं दुखणं शून्यावर येईल, असं वचन मी देत नाही. सातवरून तीनवर आलं आणि तुम्ही त्याच्याभोवती दिवस आखणं थांबवलं, तर मी खूश. उसण भरली की दोन दिवस मात्रा खाली आणा, पालथं पडणं आणि घरातल्या घरात चालणं चालू ठेवा, शेक घ्या, पलंग धरू नका. घरचे पायाळू माणूस शोधायला निघतील. लाथ हलकी असेल तर हरकत नाही. उसण बरेचदा काही दिवसांत आपणच उतरते आणि शेवटचा हात ज्याचा, त्याला श्रेय मिळतं. माझ्या पेशातही हे चालतं, खोटं कशाला बोलू.

शेवटचं कूलरचं. दर मार्च-एप्रिलमध्ये माझा दवाखाना भरतो तो कूलरच्या टाकीमुळे. वीस लिटरची भरलेली बादली, ती उचलून खिडकीपर्यंत, आणि वर अंग पिळून ओतायची. तेही सकाळी उठल्या उठल्या, नळ येतो म्हणून. बाजारात नळी मिळते, ती आणा. नळी पोचत नसेल तर अर्धी बादली, अंगाशी धरून, आणि वळायचं ते पावलांनी. तीन महिन्यांनी काठीची परीक्षा पास झालात की भरलेली बादली उचलून बघा, एकदा डाव्या हातानं, एकदा उजव्या. मला कळवा किती दुखलं ते, आकड्यात.